आठशे ग्रॅमची दांडी

२ फेब्रुवारी, सोमवार

दुकान उघडून आज दोन महिने झाले. दुकान म्हणजे चावीवाला आणि लाँड्री यांच्या मधली एक लांबट खोली. पुढे काउंटर, मधे प्लायवूडची भिंत, तिला एक दार, दारामागे माझं टेबल. अकरा वर्षं मालकांच्या मोठ्या दुकानात मागच्या खोलीत बसून गिटारी दुरुस्त केल्या. सोडताना ते म्हणाले, तीन महिन्यांत परत येशील. म्हणजे अजून एक महिना हातात आहे.

आज एक गृहस्थ आले. साठी ओलांडलेली, शर्टाची गळ्यापर्यंत गुंडी लावलेली. गिटारची पेटी दोन्ही हातांवर आडवी धरून आणली, दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तशी. आत जुनी पण चांगली इलेक्ट्रिक गिटार. पाठीचं झाकण काढलेलं, त्याचे सहा स्क्रू पाकिटात घालून, पाकिटावर 'स्क्रू, नग ६' असं लिहिलेलं.

तक्रार दांडीची. रात्री जेवताना ताईला समजावलं ते इथेही लिहिते, कारण तिला काही कळलेलं दिसलं नाही. सहाही तारा ज्या लोखंडी तुकड्यावर अडकवलेल्या असतात तो ब्रिज. या गिटारीत तो घट्ट बसवलेला नसतो, झुलता असतो. पुढून तारा ओढतात, पाठीच्या खाचेतून स्प्रिंगा ओढतात आणि या ओढाताणीत तो बिचारा अधांतरी तरंगतो. त्याला एक दांडी असते. दांडी दाबली की तारा सैल पडतात, आवाज खाली घसरतो. सोडली की परत वर. दांडी हाताला जड लागायची की हलकी, ते स्प्रिंगांवर.

इथे कोणीतरी मागचे स्क्रू जिवाच्या करारावर आवळले होते. एक स्प्रिंग ताणून निकामी. मी विचारलं, हा उद्योग कोणाचा? 'कोणीतरी केलाय,' म्हणाले. काय करून हवंय? 'जशी होती तशी.' कशी होती? 'मऊ. पण फार नाही.'

अर्ध्या तासाचं काम. बुधवारी या म्हटलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

आले. गिटारला हात लावला नाही. मला म्हणाले, तुम्हीच वाजवा, शेवटी दांडी दाबा. मी वाजवलं. मग म्हणाले, मी दाराबाहेर थांबतो, दार लावून घ्या आणि पुन्हा वाजवा.

असली तऱ्हा अकरा वर्षांत पाहिली नव्हती. पण गिऱ्हाईक. दार लावलं, वाजवलं. आत येऊन म्हणाले, 'नाही.'

काय नाही?

'हा आवाज परत वर येतो.'

येणारच. यायलाच हवा. त्यासाठीच मी अर्ध्या तासाच्या कामाला दोन तास घालवलेत. म्हणाले, पूर्वी तो खाली जायचा आणि खालीच राहायचा. मी शांतपणे सांगितलं की काका, दांडी सोडल्यावर आवाज जागेवर आला नाही तर त्याला बिघाड म्हणतात. त्यांनी ऐकून घेतलं, पण खोटं माप सापडलेल्या दुकानदाराची सबब ऐकावी तसं. तसंच निघालं! गृहस्थ बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारातले तराजू तपासायचे. त्यांचं नाव काटेकोर ठेवून टाकलं आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

काटेकोर आज ताणकाटा घेऊन आले. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला, हुक असलेला. गिटार फोमवर पालथी घालायला लावली, दांडी टेबलाच्या कडेबाहेर काढली, तिला हुक अडकवून खाली ओढला आणि चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला. बाराशे ग्रॅम. वहीत लिहिला. 'जास्त आहे,' म्हणाले.

कशावरून जास्त? पूर्वीचा आकडा आहे का तुमच्याकडे? त्यांनी वही मिटली. कान लाल झाले.

मी चारातली एक स्प्रिंग काढली, स्प्रिंगा ज्याला अडकतात तो मागचा पंजा आवळून तोल सांभाळला. हजार. अजून हलकी हवी. आता लिहिताना हसू येतंय, तेव्हा मात्र दात आवळले होते. जन्मभर दुकानदारांच्या तराजूची दांडी मारण्यावर नजर ठेवली, आता माझ्या दांडीच्या मागे लागलेत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

चांगली बातमी. शेंडी आला होता. शेंडी म्हणजे डोक्यावर केसांचा बुचडा बांधणारा बँडवाला. पूर्वी मालकांकडे यायचा, काम मीच करायचे. तीन गिटारी टाकून गेलाय. विसाव्या तारखेला दौऱ्यावर निघणार, एकोणिसाला दुपारी तिन्ही तयार हव्यात. म्हणाला, नीट झालं तर बँडची सगळी कामं इकडेच. मी चेहरा शक्य तितका सरळ ठेवला.

११ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा काटेकोर. आता दोनच स्प्रिंगा आणि एक नंबर बारीक तारा. या जातीच्या ब्रिजचं एक भिकार वैशिष्ट्य म्हणजे एक तार सुरात आणली की बाकीच्या पाच रुसतात. त्यांची समजूत काढेपर्यंत पहिली रुसते. काही बदललं की सगळं पहिल्यापासून. मुंगीच्या पावलाने तासभर.

आकडा आला आठशे. 'वजन बरोबर वाटतंय,' म्हणाले. मी हुश्श म्हणणार तोच दाराबाहेर जाऊन उभे. वाजवलं. 'नाही. सगळ्या तारा एकदम जायच्या. एक-दोन नाहीत. घूं करून.'

मी विचारलं, काका, हे तुम्ही कधी ऐकलंय? 'रोज,' म्हणाले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई कपडे लहान-मोठे करून देते. तिच्याकडे येणाऱ्या बायकाही म्हणतात, बसतंय पण बरं वाटत नाही. म्हणून तिच्यापुढे गाऱ्हाणं घातलं. तिने शिवण उसवता उसवता एवढंच विचारलं, 'तो स्वतः वाजवतो?'

नाही.

'मग वाजवतं कोण?'

विचारलं नाही. मला कशाला चौकशा? मी ब्रिज दुरुस्त करते, कुंडल्या मांडत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

चावीवाल्याने आज विचारलं, तुम्ही शिकताय का? रोज तेच तेच वाजवता म्हणून म्हटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काटेकोरांना सांगून पाहिलं की गिटार ठेवून जा, फोन करीन. पहिल्या खेपेनंतर ठेवतच नाहीत. घेऊन येतात, घेऊन जातात. तासभर टेबल अडवतात. आज दांडीची उंची बदलली, तिच्या भोकात बारीक स्प्रिंग टाकून खुळखुळ घालवली, तारा जिथून जातात त्या खाचांत पेन्सिलीची पूड घातली. ब्रिज आता इतका सुंदर चालतो की मालकांनीसुद्धा मान डोलावली असती. दार लावलं, वाजवलं. 'नाही.' आवाजात राग नव्हता. उलट ओशाळल्यासारखे उभे होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

खरं लिहायचं तर भीती वाटायला लागली आहे. माझा कान आणि हात चांगला, या एका जोरावर मी बाहेर पडले. आणि एक माणूस रोज दार उघडून 'नाही' म्हणतो.

शेंडीची दुसरी गिटार अजून उघडलेलीही नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

शेंडी दोनला आला. दोन गिटारी तयार होत्या. तिसरीच्या तारा काढलेल्या, मान वेगळी, टेबलावर शवविच्छेदन चालू. मी म्हटलं संध्याकाळपर्यंत देते. त्याने भांडण केलं नाही, हेच वाईट. सुटे भाग पिशवीत भरले आणि मालकांकडे गेला. ते बसून करून देतील, रात्रीपर्यंत. देतीलच. आणि उद्या गावभर सांगतील.

तो गेला आणि दहा मिनिटांत दारात काटेकोर, पेटी दोन्ही हातांवर आडवी.

माझा तोल गेला. 'काका, तुम्हाला वाजवता येत नाही. या गिटारला तुम्ही बोटसुद्धा लावत नाही. दांडी जड का हलकी, आवाज वर येतो का खाली राहतो, तुम्हाला करायचंय काय?'

त्यांनी पेटी काउंटरवर ठेवली, रुमाल काढला, न वापरता पुन्हा घडी करून खिशात घातला.

'माझी नाही ती,' म्हणाले. 'मुलीची आहे.'

मग उभ्या उभ्याच सांगितलं. मुलगी शाळेत असतानाच तिची आई गेली. घरात दोघंच. मुलगी रोज संध्याकाळी सहा ते आठ दार लावून वाजवायची. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी परीक्षेला बसणार नाही म्हणाली. शब्दाने शब्द वाढला. त्यांनी गिटार पेटीत घालून जिन्यात नेऊन ठेवली आणि म्हणाले, ही तरी बाहेर राहील, नाहीतर तू.

'तिनं गिटार आत आणून ठेवली,' ते म्हणाले, 'आणि स्वतः गेली.'

नऊ वर्षं झाली. फोन येतो वर्षातून दोनदा, तब्येत कशी, बरी, एवढाच. आता ती कचेरीच्या कामाने चोवीस तारखेला इथे येणार आहे. उतरणार हॉटेलात, पण एक दिवस घरी जेवायला येते म्हणाली. तिच्यासाठी गिटार तयार ठेवावी म्हणून यांनी बाहेर काढली, पाठ उघडली, एक स्क्रू सैल वाटला, तो आवळला. मग दुसरा.

'बत्तीस वर्षांत नोंद केल्याशिवाय एक स्क्रू फिरवला नाही मी. हाच.'

आवाज कसा माहीत म्हणून विचारलं. भिंतीतून, म्हणाले. वाजवणं संपताना शेवटी तो आवाज यायचा, सगळ्या तारा खाली जाऊन तिथेच थांबायच्या. 'तो आला की पाच मिनिटांत ती बाहेर यायची. मी ताटं घ्यायचो.'

सॉरी म्हणणं राहूनच गेलं. या वेळी त्यांनी गिटार ठेवून घेऊ दिली, ती घेऊन आत आले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

विचार करून करून एक गोष्ट डोक्यात आली. खाली गेलेला आवाज वर येत नसेल, तर तेव्हा हा ब्रिज अडकत असणार. ब्रिज ज्या पुढच्या स्क्रूंवर टेकून झुलतो, तिथली त्याची धार खराब असेल आणि नंतर आपोआप बसली असेल. म्हणजे काटेकोरांना हवाय तो बिघाड.

म्हणून आज दुकान बंद ठेवून एका चांगल्या ब्रिजमध्ये मुद्दाम बिघाड करायला बसले. धार कानशीने खराब करायला हात धजेना. पुढचे स्क्रू आवळून ब्रिज अडकवून पाहिला. अडकला, पण तिरका. तीन तारा खाली, तीन कण्हतायत. मालकांनी हे पाहिलं असतं तर मला दारात उभं केलं नसतं. स्क्रू होते तसे केले आणि कुलूप लावून घरी आले.

२३ फेब्रुवारी, सोमवार

काटेकोर शेवटचं घेऊन गेले. दोन स्प्रिंगा, आठशे ग्रॅम, आवाज वर येतोच आहे. मी सांगितलं, काका, माझे हात टेकले. ते म्हणाले, 'वजन तरी बरोबर आहे.' दार लावून ऐकलं नाही. पेटी बंद करताना आतल्या कापडाचा एक दोरा बाहेर आला होता, तो बोटाने आत सारत बसले.

मालकांना फोन करावा का, असं दिवसभर मनात येत होतं. नाही केला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

साडेअकराला एक मुलगी आली. तिशीची, आखूड केस, गळ्यात कचेरीचं ओळखपत्र. काउंटरवर तीच पेटी.

'हिची दांडी कोणी लावलीय?'

मी लावलीय म्हटलं. कंबर कसूनच म्हटलं. पण ती भांडायला आली नव्हती. काल घरी जेवायला गेली होती, बाबांनी गिटार पुढे केली, जेवणाआधी दहा मिनिटं वाजवली. काम सुरेख आहे, म्हणाली, पण दांडी फार हलकी. तिचा पंजा वाजवताना ब्रिजवर टेकतो, टेकला की सगळं बेसूर. चार स्प्रिंगा घालून ब्रिज लाकडाला टेकवून द्याल का? 'अशी मऊ तर ती कधीच नव्हती.'

कधीच नव्हती!

तीन आठवड्यांची वाफ होती, ती निघाली. ताणकाटा सांगितला, बारीक तारा सांगितल्या, दाराबाहेर उभं राहणं सांगितलं. ती ऐकत होती, भुवया आक्रसून. शेवटी म्हटलं, आणि तुमच्या बाबांना असा आवाज हवाय जो खाली जातो आणि वर येत नाही. सगळ्या सहा तारा. असा आवाज या गिटारीतून निघू शकत नाही.

ती म्हणाली, 'जरा अ‍ॅम्प्लिफायर लावता?'

लावला. तिने गिटार गळ्यात अडकवली, एकदा मोकळ्या तारांवरून हात फिरवला, पट्टा काढला आणि गिटारचं तोंड भिंतीकडे करून ती प्लायवूडला टेकवून उभी केली. दांडी भिंतीला लागली, गिटारच्या वजनाने दबली. घूं करून सहाही तारा एकदम खाली गेल्या आणि खालीच राहिल्या.

'स्टँड नव्हता माझ्याकडे,' ती म्हणाली. 'पाठ गुळगुळीत, घसरायची. दांडी भिंतीला लागली की उभी राहायची.'

तीन आठवडे! मी स्टुलावर बसले. तीन आठवडे मी गिटार ठेवल्याचा आवाज शोधत होते.

ती मात्र हसत नव्हती. अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, तरी भिंतीकडे बघत राहिली.

'बाबांना हा ऐकू जायचा?'

म्हटलं, रोज. तो आला की ताटं घ्यायचे म्हणाले.

तिने पट्टा हाताला गुंडाळला. मग म्हणाली, 'मला वाटायचं, मी कधी थांबते याची वाट बघतात.' आणि पट्टा पुन्हा उलगडत, 'बघतही असतील.'

मी कामाचं विचारलं. चार स्प्रिंगा घालून ब्रिज टेकवला तर दांडी पूर्वीपेक्षाही कडक होईल, मग असा आवाज नीट यायचा नाही. काय करू? तिने नखाने काउंटरची कड खरवडली. 'माझ्या हाताला बसेल अशी करा,' म्हणाली. 'बाकीचं मी त्यांना सांगते.'

वीस मिनिटं लागली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दुकान उघडायच्या आधीच काटेकोर पायरीवर. मुलीने काल संध्याकाळी येऊन सांगितलं. पुन्हा जेवली, गिटार घेऊन हॉटेलवर गेली, आज दुपारी निघेल. दोघांचं आणखी काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. रात्रभर नीट झोपलेले दिसत नव्हते, पण गळ्याची गुंडी आज उघडी होती.

'म्हणजे बिघाड नव्हताच,' म्हणाले.

नव्हता.

त्यांनी यावर थोडा विचार केला. 'मग तीन आठवडे तुम्ही काय करत होता?'

अगदी प्रामाणिकपणे विचारलं. मी कपाळावर हात मारला आणि शटर वर केलं.

२ मार्च, सोमवार

तीन महिने झाले. दुपारपर्यंत एकही गिऱ्हाईक नाही. चावीवाल्याच्या कपाटाची बिजागरी बसवून दिली. शेंडीच्या बँडची कामं मालकांकडेच राहणार, असं कळलं. ताई म्हणते, अजून थोडी कळ काढ. तिला म्हणायला काय जातं? काढते आहे.

९ मार्च, सोमवार

आज दोन नवी कामं, दोन्ही बरी. पहिलं उघडून बसले तोच काटेकोर आले. रिकाम्या हाताने. हातात फक्त फोन, कानाला लावलेला.

'बाई, ती म्हणते चौथी तार दांडी सोडल्यावर किंचित चढी राहते.'

म्हटलं, खाचेत अडकत असेल. पेन्सिलीची पूड घालायला सांगा.

त्यांनी फोनमध्ये सांगितलं, पेन्सिलीची पूड घाल. ऐकलं. मग मला, 'ती म्हणते कुठल्या पेन्सिलीची?'

मऊ शिशाची. त्यांनी तिला सांगितलं. तिने काहीतरी विचारलं. त्यांनी मला विचारलं, तार पूर्ण काढायची का नुसती बाजूला करायची? बाजूला. त्यांनी सांगितलं. मग तिचं दुसरंच काहीतरी, बहुतेक कचेरीचं, कारण ते चार-पाच वेळा हं, हं म्हणाले आणि एकदा, 'तू जेवलीस का पण?' पुन्हा तार. पुन्हा मी. माझं वाक्य यांच्याकडून तिच्याकडे, तिचं यांच्याकडून माझ्याकडे, त्यात निम्मं चुकीचं. चौथीची तिसरी झाली, पुडीची पट्टी झाली.

तीनदा म्हटलं, काका, फोन माझ्याकडे द्या, मी दोन वाक्यांत सांगते.

मानेनेच नको म्हणाले आणि दुसऱ्या बाजूला वळून उभे राहिले.

दोन मिनिटांचं काम, त्याला पाऊण तास. माझं टेबल अडलेलं, गोंद सुकत चाललेला. फोन काही त्यांनी हातचा सोडला नाही.